धर म्हटलं की धरायचं

बारक्याचं डोकं त्या दिवशी पार भंजाळून गेलं होतं. बारक्या म्हणजे गॅरेजचा अर्धा मालक, चाळिशी ओलांडलेला, कानशिलं पिकलेला बाप्या. पण थोरल्या भावानं लहानपणी ठेवलेलं नाव गिऱ्हाइकांनीही उचललं, त्याला आता कोण काय करणार!

गाडी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंची. सकाळी आल्या त्या घाबऱ्याघुबऱ्या होऊनच. "अहो, उतारावर ब्रेक दाबून धरला, तर पेडल आपलं हळूहळू खालीच चाललं! पार तळाला टेकलं!"

बारक्यानं ब्रेक ऑइलची डबी पाहिली, भरलेली. चारही चाकांमागून, पाइपांवरून बोट फिरवलं, सगळं कोरडं ठणठणीत. ऑइल बाहेर गळत नाही आणि पेडल तर बसतंय, म्हणजे दोष मास्टर सिलिंडरचा. त्याच्या आतलं रबर झिजलं की दाबलेलं ऑइल आतल्या आत मागं सटकतं. सरळ गोष्ट होती. त्यानं नवा सिलिंडर बसवला. आता पाइपांतली हवा तेवढी काढायची राहिली.

हे काम एकट्यादुकट्याचं नव्हे. सीटवरचा माणूस पेडल दाबून धरतो. चाकाशी आडवा झालेला माणूस चाकामागचं हवा सोडायचं निपल सैल करतो, ऑइलबरोबर हवेचे बुडबुडे नळीतून बाहेर येतात, निपल पुन्हा आवळलं की तो ओरडतो, "सोड!" तोवर वरच्यानं पाय उचलायचा नाही म्हणजे नाही. या गॅरेजात सीटवर दादा आणि खाली बारक्या, ही रीत वडिलांच्या वेळेपासूनची.

चारही चाकांची हवा काढून झाली. बारक्यानं पेडल दाबून पाहिलं आणि ते भसकन तळाला गेलं.

"आता गं बाई!" तो स्वतःशीच म्हणाला. नवा कोरा सिलिंडर, आणि तरी हे?

खरं सांगायचं तर त्याला हे काम लवकर उरकायचं होतं. ही गाडी बाहेर काढली की दादाला सांगून टाकायचं, मी वेगळा होतोय, असं तो घरून ठरवून निघाला होता. पलीकडच्या रस्त्यावर शटरचा गाळाही बघून ठेवला होता. दादाशिवाय गॅरेज ही कल्पनाच त्याला सोसत नव्हती, पण करतो काय? दादा त्याला मोजतच नव्हता. काही विचारलं तर नुसती मान हलवायचा, नाहीतर तेही नाही. गिऱ्हाइकासमोर बारक्या बोलत असला की मध्येच उठून चालता व्हायचा. रेडिओ तर असा ठणाणा लावायचा की बारक्याचा शब्द कानावर पडू नये म्हणूनच लावलाय असं वाटावं. आपलं चुकलं काय, तेच त्याला कळेना. वहिनीला विचारलं, तर ती म्हणाली, "भावजी, घरी तरी कुठं बोलतात? घुम्यासारखे बसलेले असतात."

त्यानं चिडून रेडिओ बंद केला आणि पुन्हा गाडीला भिडला. चाकांकडे जाणारे रबरी पाइप त्यानं चिमट्यांनी आवळले. पेडल दगडासारखं टणक! म्हणजे सिलिंडर बरोबर. मग एकेक चिमटा काढत गेला. दर चिमट्यागणिक पेडल थोडं थोडं बसत गेलं. आता आली का पंचाईत! एखादंच चाक बिघडलेलं असतं तर गोष्ट वेगळी. इथं चारही चाकांत हवा, आणि सगळीकडे सारखीच. चारही एकदम कशी बिघडतील? मग चौघांत सारखं असलेलं असं आहे तरी काय?

"परत काढू हवा," तो दादाला म्हणाला. दादा त्याच्या तोंडाकडे बघत होता. त्यानं मान हलवली आणि सीटवर चढून बसला.

बारक्या खाली शिरला. "दाब! धर!" म्हणाला, निपल सैल केलं. नळीतून ऑइल आलं, बुडबुडे आले, आणि त्याच्या डोळ्यांदेखत तेच ऑइल बुडबुड्यांसकट उलटं आत गेलं. निपल उघडं असताना दादानं पाय उचलला होता!

"दादा! मी सोड म्हटलं नव्हतं!"

पेडल आपलं खाली-वर, खाली-वर.

बारक्याचं टाळकंच सटकलं. मुद्दाम? कामातसुद्धा? तो सरपटत बाहेर आला, तणतणत दादाच्या दाराशी, त्याच्या पाठीमागं जाऊन उभा राहिला. काच खाली होती. जे गाडी बाहेर काढल्यावर सांगायचं ते त्याच्या तोंडून तिथंच निघून गेलं.

"दादा, मी वेगळा होतोय."

दादा वळला नाही. रागावलाही नाही. समोर बॉनेटकडे बघत, जुन्या सवयीनं, अंदाजानं पेडल दाबत होता, सोडत होता. चेहरा शांत, कामात गुंतलेला.

बारक्याला एकदम आठवलं. मागच्या आठवड्यात दादानं एका गिऱ्हाइकाला सांगितलं होतं, तुमचा हॉर्न बसलाय म्हणून. आणि तो हॉर्न तर अख्ख्या गल्लीला उठवणारा. सगळे त्यावर हसले होते, बारक्याही.

तो गाडीला वळसा घालून समोर आला. दादानं पाहिलं, भुवया उंचावल्या. बारक्यानं कमरेवर हात ठेवून तोंड वाकडं केलं. "कंबर धरलीय! तू खाली जा, मी दाबतो!"

दादा जरा बावचळला. मग गुडघे सांभाळत खाली शिरला. आणि खालून असा आवाज आला की समोरच्या चहाच्या टपरीवरचे लोक वळून बघायला लागले. "दाऽब! धऽर! सोऽड!" एकेक चाक झालं. शेवटी बारक्यानं पेडल दाबलं, तर ते अर्ध्यावर घट्ट थांबलं. सगळा जोर लावून धरून ठेवलं, तरी तसूभर हललं नाही.

तो खाली उतरला आणि गाडीशेजारी जमिनीवर दादासमोर आडवा झाला, तोंडासमोर तोंड येईल असा.

"दादा, उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायचं. मी येतो बरोबर."

दादा त्याच्या ओठांकडे बघत राहिला. हातातला पाना त्यानं हळूच खाली ठेवला. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं ऑइलच्याच हातानं पुसलं.

"म्हणजे कानच गेलेत होय रे माझे?" तो म्हणाला. "मला वाटलं, तू माझ्याशी बोलणं टाकलंस."