आजन्म नेम

लातूर नवा जिल्हा झाल्यावर तिथे मोठे शिकलेले डॉक्टर येऊ लागले. त्यांतल्याच एकाने उदगीरच्या बसवंतअप्पांना दार लावून समजावले, की साखरेच्या आजाराने नसा दुखावल्या आहेत. नवरा-बायकोच्या संबंधांपुरती गेलेली ताकद परत येईलसे वाटत नाही. मग शेजारी बसलेल्या शरणम्माकडे बघत तो म्हणाला, एकमेकांच्या जवळ राहायला मात्र काहीच हरकत नाही. हे दुसरे वाक्य तिने एसटीत उदगीरपर्यंत मनात धरून ठेवले. बसवंतअप्पांनी ते ऐकलेच नव्हते.

त्यांनी अंथरूण दुकानावरच्या माडीवर नेले. घरात उकडते म्हणाले. पूर्वीसारखा तिच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी झोपावे, एवढेच शरणम्माला हवे होते. एका दुपारी जेवण झाल्यावर तिने तसे सांगितले आणि त्यांचा हात धरला. त्यांनी तो हळूच सोडवून घेतला.

"दया करायलीस माझ्यावर."

"दया न्हाई. मला पायजे."

त्यांचा विश्वास बसला नाही.

दुष्काळाचे ते दुसरे वर्ष. पावसासाठी प्रत्येकाने काही सोडावे, असे मठात स्वामींनी सांगितले. कुणी मीठ सोडले, कुणी पान. बसवंतअप्पांनी उठून, पाऊस पडेपर्यंत बायकोपासून वेगळे राहण्याचा नेम घेतला. आडतदार चन्नबसप्पा म्हणाला, "आमच्यानं तंबाखू सुटंना, अन् अप्पा तुम्ही संसारच सोडलाव." सगळे हसले, पण त्या दिवसापासून बाजारात लोक अप्पांना वाकून नमस्कार करू लागले. टँकरवर बाया शरणम्माची घागर पुढे घेत. शेजारची नीलाबाई म्हणे, अप्पांना चार दिवस आमच्याकडे पाठव, आमच्या मालकाला जरा वळण लावतील.

शरणम्मा ऐकून घेई. नेमाला शेवट आहे, असा तिचा हिशेब होता.

पुढल्या साली बऱ्यापैकी पाऊस झाला. नेम सोडायला लोक मठात जमले. मीठवाल्यांना मीठ मिळाले, पानवाल्यांना पान. मग बसवंतअप्पा उभे राहिले आणि आपल्याला हाच नेम आजन्म हवा म्हणाले.

मठाचा रिवाज असा, की संसारी माणसाला असा नेम बायकोच्या होकाराशिवाय मिळत नसे. आणि तो होकार तिने सभेत, नवऱ्याच्या कपाळी स्वतःच्या हाताने विभूती ओढून द्यायचा.

"माय, तुमचा होकार हाय का?" स्वामींनी विचारले.

तिने नवऱ्याकडे पाहिले. ती न्हाई म्हणाली असती तर 'का?' असे कुणीतरी विचारणारच होते. त्याचे उत्तर तिच्या तोंडून बाहेर पडेल, या भीतीने त्यांचे ओठ पांढरे पडले होते. तिच्यावर त्यांचा एवढाही भरवसा उरला नव्हता.

"हाय," ती म्हणाली.

विभूतीत तीन बोटे बुडवून तिने ती त्यांच्या कपाळाला लावली. कपाळ घामाने ओले, गरम होते. इतक्या लोकांसमोर त्यांना मागे सरता येत नव्हते. त्यांनी डोळे मिटून घेतले. ती एका कानशिलापासून दुसऱ्यापर्यंत, गरजेपेक्षा फार हळू, बोटे ओढत गेली.

मागे नीलाबाई कुणाला तरी सांगत होती, नशीब लागते असा नवरा मिळायला.

रेघा पुऱ्या झाल्या तरी बोटे तिथेच राहिली.

"झालं, माय," स्वामी म्हणाले.

तेव्हा तिने हात काढून घेतला.