डाव्या बाजूची चटणी

सेवकराम सोनकुसरे मास्तरांनी सदतीस वर्षं पोरांना शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर मोबाइल घेऊन स्वतः शिकायला बसले. लॉकडाऊनपासून तीन वर्षांत सव्वीस कोर्स झाले. मधमाश्या पाळण्याचा झाला. पवनीच्या त्या घरात ताटावरची माशीसुद्धा त्यांनी कधी स्वतः हाकलली नव्हती. मोडी झाली, रत्नशास्त्र झालं, जपानी पद्धतीने फुलं कशी खोचायची तेही झालं. एकूणएक प्रमाणपत्र प्लास्टिकमध्ये घालून बैठकीच्या भिंतीवर. "माणसानं मरेपर्यंत विद्यार्थी राहावं," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि तो बिचारा चहा येईपर्यंत मान हलवत बसे.

चहा आणायची ती त्यांची बायको, शकुंतलाबाई. कोष्ट्याची लेक. बापाच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता तिची शाळा चौथीत सुटली. मास्तरांनी ही चौथी लग्नाच्या पहिल्या आठवड्यात हातात धरली ती चाळीस वर्षं खाली ठेवली नाही. भाजीत मीठ जास्त पडलं तरी चौथी, गॅसचा नंबर लावायचा राहिला तरी चौथी.

सत्ताविसावा कोर्स निघाला क्रिएटिव्ह व्हिज्युअलायझेशनचा. पुण्याच्या एक मॅडम तो शिकवत. जे हवं ते मिळालेलंच आहे असं रोज डोळे मिटून बघायचं, म्हणजे ते मिळतं, असा त्याचा एकूण मथितार्थ. मास्तरांनी बंद पडलेला पंखा फिरताना पाहिला आणि चौथ्या दिवशी पंखा खरोखर फिरला. वायरमनला शकुंतलाबाईने बोलावलं होतं, पण तेवढं वर्गात सांगायचं राहिलं. मास्तरांचा विश्वास मात्र बसला. रोज सकाळी पाटावर मांडी घालून ते अर्धा तास डोळे मिटू लागले.

एक दिवस जेवताना ते डाफरले, "चटणी काहून नाई वाढली?"

जवसाची चटणी ताटात होती. डाव्या बाजूला, मिठाजवळ, जिथे ती जन्मभर वाढत आली तिथेच. तिने ताट जरा फिरवलं. मास्तरांनी ती खाल्ली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तिने मुद्दाम लिंबाएवढा गोळा डावीकडे ठेवला आणि समोर बसून राहिली. मास्तरांनी भातातला खडा बरोबर शोधून काढला, चटणी मात्र मागितली. हात धुवायला उठले तेव्हा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला आणि त्यांनी चौकटीला शिवी घातली.

हे सगळं शकुंतलाबाईने एकदा पाहिलेलं होतं. तिच्या बापाचं, चिंधू कोष्ट्याचं, असंच झालं होतं. समोरचा तुटलेला कोसा रेशमाचा धागा, केसाहून बारीक, तो बिनचूक सांधायचा. पण मागावर बाजूने येणारा, आडवा धागा नेणारा धोटा त्याला झेलता येईना. धोटा हाताला लागायचा, खाली पडायचा, आणि घरचे म्हणायचे, म्हातारा आळसावला. नजर कडेकडून जात होती. दोन वर्षांत समोरचा धागाही गेला आणि बाप पुढची अकरा वर्षं भिंतीशी बसून मेला.

भांडी अर्धवट टाकून ती तशीच ओल्या हाताने बैठकीत गेली. मास्तरांचा वर्ग चालू होता, पण तिला धीर निघेना.

"आयका ना, तुमची नजर कडेकडून चालली. माह्या बाचं असंच झालं होतं. डोळ्याच्या डॉक्टरले दाखवून या."

मास्तरांनी शांतपणे मोबाइल तिच्याकडे वळवला. "या आमच्या मिसेस," ते वर्गाला म्हणाले. "शिक्षण चौथी. सध्या घरातल्या नेत्रतज्ज्ञ."

पडद्यावरच्या चौकोनांत बसलेली तीस-पस्तीस माणसं हसली. काहींनी तोंडावर हात ठेवला, काहींनी तेही केलं नाही. मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "सर, सगळ्यात मोठा अडथळा घरातूनच येतो. नकारात्मक शब्द कानावर घेऊ नका. रोज आपले डोळे तेजस्वी झालेले बघा."

घरातल्या घरात अपमान गिळायची तिला सवय होती. पण आज परक्या माणसांनी तिला दात काढून पाहिलं होतं. भांडी घासता घासता तिने ठरवलं, आता या माणसाला एक शब्द सांगायचा नाही.

नुसती गप्प राहिली असती तर मी तिला एकवेळ माफ केलं असतं. ती तिथे थांबली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने चटणी उजवीकडे, भाजीशेजारी वाढायला सुरुवात केली. दाराच्या डाव्या अंगाचं स्टूल उचलून माडीवर नेलं. बाजारात ती त्यांच्या डाव्या हाताला चालू लागली, सायकल आली की कोपराने त्यांना हळूच उजवीकडे सरकवायची. मास्तरांचं धडपडणं एकदम कमी झालं, आणि त्यांना शंका यायचं कारणही उरलं नाही. सकाळी डोळे उघडले की ते विचारत, "पाह्य बरं, तेज वाढलं का?"

"वाढलं तर," ती म्हणायची. "चेहराही उजळून राहिला."

मास्तरांनी वर्गात सांगितलं, "आमच्या घरचा विरोधही मावळला. आता तिलासुद्धा फरक दिसतो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आतल्या खोलीत तांदूळ पाखडत शकुंतलाबाई त्या टाळ्या ऐकत होती.

एकदा मात्र ती डळमळली. थंडीचे दिवस होते. भोंगा लावलेला ऑटो गल्लीत शिरला: उद्या सभागृहात मोफत नेत्रतपासणी, औषधंही तिथेच मिळतील. सूप तिच्या हातात तसंच राहिलं. पुरे झालं, तिच्या मनात आलं. टायफॉइडमध्ये याच माणसाने तिला महिनाभर मोसंबीचा रस पाजला होता, डोक्यावर पट्ट्या ठेवल्या होत्या. ती उठली, पदर सारखा केला आणि बैठकीत गेली. सांगायचंच म्हणून गेली होती, हे मी शपथेवर सांगतो.

मास्तर मोबाइल समोर ठेवून 'माझा शिक्षणप्रवास' बोलत होते. तिची चाहूल लागताच त्यांनी हात वर केला. "बाहेरचा आवाज येऊन राहिला, समजत नाई? एवढीही अक्कल नाई का तुले?"

ऑटो आता दारासमोर आला होता. भोंग्यातला बाप्या वेळ सांगत होता, जागा सांगत होता, सोबत काय आणायचं ते सांगत होता. शकुंतलाबाई क्षणभर उभी राहिली. मग तिने खिडकीची दोन्ही दारं ओढली आणि कडी घातली.

"आता नाई येणार आवाज," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी होळीच्या सुमारास मास्तर स्कूटर घेऊन एकटेच जवळच्या कोंढा गावाला निघाले. डावीकडून रस्त्यावर चढणारी ट्रॅक्टरची ट्रॉली त्यांना दिसलीच नाही. खांद्याचं हाड मोडलं. नागपूरहून मुलगा धनंजय आला, हाडाच्या डॉक्टरांना काही तरी शंका आली आणि त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. त्या डॉक्टरांनी पुष्कळ वेळ तपासून सांगितलं, काचबिंदू. दोन्ही डोळ्यांच्या नसा सुकत आल्या आहेत. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकेल तेही सांगता येत नाही.

"वर्ष-दीड वर्षापूर्वी आला असतात तर घरी बसून नुसते थेंब टाकायचे होते," डॉक्टर म्हणाले. "घरात कोणाच्या काही लक्षात आलं नाही?"

"घरात ही एकटी, डॉक्टर," मास्तर म्हणाले. "हिला त्यातलं काय कळणार?"

आपल्याला कोणी काही सांगितलं होतं, हे मास्तर खरोखरच विसरले होते. तिचं बोलणं लक्षात ठेवायची त्यांना सवयच नव्हती. मांडीवरची पिशवी सावरत शकुंतलाबाई खाली बघत राहिली. फिर्यादीनेच तिला निर्दोष सोडलं होतं.

दिवाळीपर्यंत मोबाइलवरची अक्षरं मास्तरांना दिसेनाशी झाली. थेंब चालू होते, पण फार उशिरा चालू झाले होते. वर्ग सुटला. भिंतीवरची प्रमाणपत्रं त्यांच्या लेखी नुसती पांढरी राहिली. दिवसभर ते मोबाइल मांडीवर घेऊन बसत, तो थरथरला की चाचपत. वर्गातली माणसं फोन करणारी नव्हती, लिहिणारी होती.

एका दुपारी त्यांनी तिला हाक मारली. आवाज असा मऊ, की आधी तिला दुसरंच कोणी आलं आहे असं वाटलं.

"शकुंतला, पाह्य ना जरा. दोन महिने झाले मी वर्गात नाई. कोणी विचारलं असंल."

तिने चष्मा लावला आणि मोबाइल हातात घेतला. चौथीचं वाचन, पण वाचन होतं. *सर, कुठे आहात? तुमची फार आठवण येते.* त्याखाली आणखी एक, त्याखाली आणखी. सांगलीच्या एका बाईंनी लिहिलं होतं, पत्ता कळवा, आम्ही दोघं भेटायला येतो. मॅडमनी लिहिलं होतं, तुमच्याशिवाय वर्ग सुना वाटतो. ती बोटाने वर सारत गेली, तरी संपेनात. मास्तर तिच्या दिशेला तोंड करून बसले होते, पण जरा चुकून, तिच्या खांद्याच्या पलीकडे बघत.

"कोणाचंच नाई," ती म्हणाली.

"नीट पाह्य."

"पाह्यलं. कोणीच नाई विचारलं."

मास्तरांनी मान हलवली. मग लहान मुलासारखं म्हणाले, "उद्या पुन्हा पाह्यशील?"

"पाहीन ना."

ती स्वयंपाकघरात आली आणि मोरीपाशी उभी राहिली. तिला बरं वाटत होतं. चाळीस वर्षांत कधी वाटलं नव्हतं एवढं बरं वाटत होतं, आणि त्याची तिला भीती वाटली. तरीही दुसऱ्या दिवशी मास्तरांनी हाक मारायच्या आधीच ती चष्मा लावून त्यांच्याजवळ जाऊन बसली.