करंगळीचं काम

लक्ष्मीकांत सरांचं उभं आयुष्य एका बोटापायी नासलं, असं म्हटलं तर कुणाला खरं वाटायचं नाही. पण तसंच झालं. ते बोट त्यांचं स्वतःचं असतं तर निदान आपण गप्प बसलो असतो.

त्यांचं म्हणणं असं, की देवाने हाताला पाच बोटं दिली, तरी आपल्याकडचे व्हायोलिनवाले दोन बोटं तारेवर घसरवत जन्म काढतात, आणि करंगळी आपली लग्नात रुसून बसलेल्या आत्यासारखी बाजूला. हे त्यांना चोविसाव्या वर्षी सहन होईना. मग इंदूरला कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, जुन्या राजघराण्याच्या समाध्यांच्या पायऱ्यांवर रोज संध्याकाळी बसून त्यांनी एक रचना बांधली. एकट्या व्हायोलिनची. तबला नाही, तानपुरा नाही. तीन बोटांनी सुरावट वाजवायची आणि त्याच वेळी त्याच हाताच्या करंगळीने शेजारची तार छेडत ठेका धरायचा. साडेअकरा मिनिटं, मधे श्वास नाही.

ही रचना त्यांना स्वतःला कधीही वाजवता आली नाही. बेचाळीस वर्षांपूर्वी तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ती घेऊन बसले, तर तिसऱ्याच मिनिटाला करंगळी अडकली, गज घसरला, आणि पुढच्या रांगेतून शामरावांचा आवाज आला, "कागदावर छान आहे हो!" सगळा हॉल हसला. शामराव तेव्हा चाळिशीतले, पण तेव्हाही त्यांच्या कानाला इंदूरची सगळी मराठी गाणारी-वाजवणारी मंडळी वचकून असत. त्यांच्या तोंडून 'वन्स मोअर' निघणं म्हणजे पदवीच. आयुष्यात चौघांना मिळाला असेल नसेल. सरांना मिळालं ते हे वाक्य, आणि ते त्यांनी बेचाळीस वर्षं जपलं.

पुढे त्यांनी शाळेत संगीत शिकवलं, निवृत्त झाले, राजेंद्र नगरच्या घरी पुढच्या खोलीत सतरंजी टाकून क्लास चालवला. मुलं यायची, दोन-तीन वर्षं वाजवायची, बारावी आली की व्हायोलिन माळ्यावर. करंगळीची वही कपाटात पडून होती. कुणाला दाखवायची सोयच नव्हती.

निशिगंधा आली ती आठ वर्षांची असताना. तिची आई यशोधरा अन्नपूर्णा मंदिराजवळच्या एका शाळेत शिक्षिका, वडील नोकरीपायी बाहेरगावी. पोरगी अशी, की एकदा ऐकलं की हातात उतरलंच. अकराव्या वर्षी ती वाजवण्यात मोठ्यांना गप्प बसवायला लागली. तेराव्या वर्षी तिने ती वही आपणहून कपाटातून बाहेर काढली.

"सर, हे काय आहे?"

"ठेव ते. ते होत नाही."

"होत कसं नाही?" ती म्हणाली, आणि तिथेच मांडी घालून बसली.

दोन वर्षं लागली. पण झालं! एकेक ओळ, एकेक वळण, त्या पोरीच्या हाताखाली उभं राहायला लागलं. सर रात्री अंथरुणावर पडले की नुसते छताकडे बघून हसायचे. त्यांची बायको वारून नऊ वर्षं झाली होती. नाहीतर तिने विचारलं असतं, एवढं काय मिळालं म्हणून.

गणपतीच्या सुमारास एक दिवस निशी वाजवता वाजवता थांबली. "सर, करंगळी सुनतच नाहीये."

"सुनेल. दोन तास वाढव."

बघा, काय बोलला हा माणूस! पोर सांगतेय की बोट माझं ऐकत नाही, आणि हे म्हणतात दोन तास वाढव. पण आपल्याकडे रियाज म्हटला की दुखणं हा दागिना. बोटाला घट्टे पडले की आई शेजारणीला कौतुकाने दाखवते. यशोधराने हळद-तेल लावलं, शेक दिला. निशीने दोन तास वाढवले. दिवाळी होईस्तोवर अशी गत झाली, की चहाचा कप धरताना, वेणी घालताना, परीक्षेत पेपर लिहिताना हात चांगला धडधाकट. पण व्हायोलिनवर ठेवला की करंगळी आपोआप आत मुडपायची. ती नेट लावून बाहेर काढायची, बोट परत आत.

शेवटी यशोधरा तिला नसांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली आणि तिथून थेट सरांकडे आली. निशी बाहेर स्कूटीवरच बसून होती.

"सर, डॉक्टर तर एकदम साफ बोलले. म्हणे, नस-बिस काही नाही, दिमागच त्या बोटाला गलत निरोप भेजतोय. छह महीने वायलिन को हाथ नहीं लगाना. आत्ता थांबली तर ठीक होऊ शकतं. जबरदस्ती केली तर मग कायमचं." तिने खिडकीतून स्कूटीकडे पाहिलं. "आता तुम्ही सांगाल तसं. आम्ही तुम्हालाच मानतो, सर."

मंडळाचा कार्यक्रम जानेवारीत होता. सहा आठवडे राहिले होते. पत्रिकेत नाव छापून झालं होतं: निशिगंधा, एकल व्हायोलिन, रचना लक्ष्मीकांत सर. रचनेपुढे आपलं नाव त्यांनी पहिल्यांदाच छापलेलं पाहिलं होतं.

"सहा आठवडे आराम," सर म्हणाले. "रोज फक्त पंधरा मिनिटं, तेही हळू. मग कार्यक्रमाला एकदा वाजवू दे. एकदाच. त्यानंतर सहा महिने काय, वर्षभर आराम करू दे."

यशोधराने सुटकेचा श्वास टाकला. तिला हेच ऐकायचं होतं की काय, देव जाणे. बाहेर जाऊन तिने निशीला सांगितलं. निशीने स्कूटीवरून खिडकीकडे पाहून हात हलवला. खूश होती पोरगी.

कार्यक्रम रविवारी सकाळी दहाला होता. हॉलच्या व्हरांड्यात पोह्यांच्या प्लेटा, वर भुरभुरलेल्या जिरावन मसाल्याचा वास, "काय भिया, बऱ्याच दिवसांनी!" असा गलका. शामराव ब्याऐंशीचे झालेले, हातात काठी, पण जागा तीच, पहिल्या रांगेतली मधली. सरांनी त्यांना नमस्कारसुद्धा केला नाही. ते सरळ विंगेत जाऊन उभे राहिले, जिथून निशीचा डावा हात नीट दिसेल अशा जागी. समोरच्या विंगेत यशोधरा.

निशी बसली. व्हायोलिनची मान उजव्या पायावर टेकवली, डोळे मिटले आणि सुरू केलं.

सरांचा जीव त्या एका बोटात जाऊन बसला. पहिलं मिनिट गेलं. दुसरं. तिसऱ्याला, जिथे बेचाळीस वर्षांपूर्वी घात झाला होता, त्यांच्या स्वतःच्या हाताला घाम फुटला. करंगळी जराशी आत वळली, निशीने मनगट किंचित फिरवून तिला बाहेर काढलं. आली बाहेर. छेडली तार. पुढे. पुन्हा वळली, पुन्हा आली. आता अडकेल, आता अडकेल. सर ओठांनी मिनिटं म्हणत होते. सात. आठ. नवव्या मिनिटाचं ते अवघड वळण, जिथे ठेका अचानक बंद होतो आणि दुपटीत परत येतो. बोट थरथरलं, पण आलं. दहा. अकरा. शेवटच्या सुराला निशीने गज उचलला आणि हात मांडीवर ठेवला.

हॉल उठून उभा राहिला. माणसं शिट्ट्या वाजवत होती. सरांनी विंगेचा पडदा मुठीत धरला होता, तो सोडला. झालं. पोर वाचली, रचना झाली, सगळं झालं.

आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की आपण काहीच ऐकलेलं नाही.

एक सूरही नाही! साडेअकरा मिनिटं ते एका बोटाकडे बघत उभे होते. पूर्ण रचना सलग, पहिल्यापासून शेवटपर्यंत, जी क्लासमध्ये कधी सलग झाली नव्हती, जी आजवर फक्त त्यांच्या डोक्यात वाजत आली होती, ती त्यांच्या समोर वाजून गेली, दोनशे माणसांनी ऐकली, आणि त्यांनी ऐकली नाही. 

टाळ्या ओसरायला लागल्या, तसे शामराव काठीवर भार देऊन उठले. सगळे गप्प झाले.

"वन्स मोअर!"

काय गदारोळ झाला म्हणून सांगू! शामरावांच्या तोंडचा पाचवा वन्स मोअर, आणि तो पंधरा वर्षांच्या पोरीला. अख्खा हॉल ओरडायला लागला, "वन्स मोअर, वन्स मोअर!" समोरच्या विंगेत यशोधराने सरांकडे पाहिलं. निशीनेही मान वळवून पाहिलं. नुसती बघत राहिली.

सरांनी फक्त डावीकडे-उजवीकडे मान हलवायची होती. एवढंच काम होतं. दोनशे माणसं दोन मिनिटं हळहळली असती आणि पोहे खायला बाहेर गेली असती.

त्यांनी होकार दिला. आणि डोळे मिटून घेतले.

या वेळी त्यांनी ऐकलं. सगळं ऐकलं. कृष्णपुऱ्याच्या पायऱ्यांवर जे सुचलं होतं, ते त्यांना वाटलं होतं त्याहून कितीतरी चांगलं होतं. त्या पोरीने त्यात असं काही घातलं होतं, की जे त्यांनी लिहिलंच नव्हतं. त्यांना रडू यायला लागलं. म्हणजे मी वेडा नव्हतो, म्हणजे हे होत होतं, असं काहीतरी ते मनात बोलत राहिले.

सहाव्या मिनिटाला ठेका लंगडला.

अगदी किंचित. हॉलमध्ये शामराव सोडून कुणाला कळलं नसेल. पण सरांना कळलं. लगेच परत लंगडला. डोळे न उघडताही त्यांना दिसत होतं तिथे काय चाललंय ते. तेव्हासुद्धा वेळ होती. दोन पावलं पुढे टाकून हात वर केला असता तरी पुरे होतं. पण नवव्या मिनिटाचं वळण अजून यायचं होतं. ते एकदा ऐकू दे, मग थांबवतो, असं ते स्वतःला म्हणाले. लाज वाटते सांगायला, पण म्हणाले. आणि डोळे मिटलेलेच ठेवले.

सातवं मिनिट लंगडत गेलं. आठवं त्याहून वाईट. मग ते वळण आलं. ठेका बंद झाला, सुरावट एकटी खाली उतरत गेली, इतकी सुंदर, इतकी सुंदर, की सरांनी श्वास रोखून धरला. आता दुपटीत ठेका यायचा होता.

आला नाही.

सरांनी डोळे उघडले. निशी डाव्या हाताकडे बघत होती. तीन बोटं तारांवर आणि करंगळी पार आत, तळहाताला चिकटलेली. तिने गज खाली ठेवला, उजव्या हाताने करंगळी ओढून सरळ केली, परत तारेपाशी नेली. तारेला लागायच्या आधीच ती मिटली. तिने आणखी एकदा केलं. मग नाही केलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोर दमली असेल, एवढंच त्यांना वाटलं. शामराव तेवढे खाली मान घालून बसून राहिले.

मागच्या खोलीत आल्यावर यशोधराने लेकीला जवळ घेतलं. सर दारात उभे होते. आत जायचं धैर्य होईना. निशीनेच त्यांच्याकडे पाहिलं.

"या वेळी तरी ऐकलंत ना, सर?"

"म्हणजे?"

"पहिल्यांदा तुम्ही ऐकतच नव्हता. मी दोन-तीनदा देखलं तुमच्याकडे. तुम्ही बस बोटाकडे बघत होता." ती हसली. चेहरा पांढराफटक पडला होता, पण हसली. "मला माहीत होतं, दुसऱ्यांदा नाही होणार. पण मग तुम्ही कधीच ऐकलं नसतं. म्हणून तर बसले परत."

मघाशी सरांना वाटलं होतं, पोरगी परवानगीसाठी आपल्याकडे बघते आहे. ते उंबऱ्यावरच बसले. "बाळा," एवढंच म्हणाले.

"ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"मग ठीक आहे," निशी म्हणाली, आणि डावा हात ओढणीखाली घेतला.

यशोधरा एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती. तिला कळायला जरा वेळ लागला. मग तिने पर्समधून फोन काढला. 

"ऐकायचंच होतं, तर मला बोलायचं होतं ना, सर," ती म्हणाली. "पहिल्या वेळचं मी पूरं रेकॉर्ड केलंय. पूर्ण साडेअकरा मिनिटं. एकदम साफ आलंय."

बाहेर माइकवरून सरांचं नाव पुकारत होते, शाल घ्यायला या म्हणून. निशी आईच्या हातातल्या फोनकडे बघत राहिली, आणि मग इतक्या वेळात पहिल्यांदाच रडायला लागली.