रिकामा चिमटा

बाईंनी वर्गभर ताणलेल्या दोरीवर शेवटचा कागद अडकवला, तरी एक चिमटा उरलाच. त्यांनी तो काढला, पुन्हा लावला, खिडकी उघडली, बंद केली. उद्या सकाळी पालक मुलांच्या कविता बघायला येणार होते, आणि रिकामा चिमटा होता खुद्द बाईंच्या मुलीचा.

गेला महिनाभर त्यांनी वर्गाला यमकाच्या नादी लावलं होतं. कुणी हत्तीला बत्ती जोडली, कुणी मास्तरांना अस्तर. काहीही आलं तरी बाई 'वा' म्हणायच्या आणि मुलं आणखी चेकाळायची. एकटी गुंडी कोरा कागद पुढ्यात घेऊन बसायची. शाळेत तीही आईला बाईच म्हणे, इतरांसारखा हात वर करून. मायलेकींचा तसा करारच होता. उद्या लोक काय म्हणतील, हे बाई सकाळपासून स्वतःला ऐकवत होत्या. पण लोकांचं निमित्त होतं. पोरगी आपल्यापासून काहीतरी लपवतेय, हे त्यांना जास्त खुपत होतं.

घरी त्यांनी काय कमी केलं होतं? भांडी विसळताना गुंडी एखादी ओळ गुणगुणली की त्या लगेच अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवत मात्रा मोजायच्या आणि ओळ कुठे कमी पडते, कुठे सांडते ते सांगायच्या. परक्या मुलांसाठी कोण एवढं करतं? अलीकडे मात्र ती गुणगुणतही नव्हती.

दप्तर पाठीला लावून गुंडी दारात उभी राहिली. तिने हात वर केला.

"बाई, आत येऊ?"

"अगं, शाळा सुटली. आता आई म्हण."

"नको. कविता आहे. ती बाईंना दाखवायचीय."

"आणि आईला?"

गुंडी बुटाचं टोक फरशीवर घासत राहिली.

"आई मोजते."

बाई पहिल्या बाकावर जाऊन बसल्या. बाक लहान होता, गुडघे वर आले. गुंडीने दप्तरातून चुरगळलेला कागद काढला, पण वाचेना. तिची नजर बाईंच्या उजव्या हातावर होती. अंगठा आधीच पहिल्या पेरावर जाऊन बसला होता.

"हाताची घडी," गुंडी म्हणाली. "तोंडावर बोट."

बाईंनी निमूटपणे तसं केलं.

"आमच्या घरी गळतो नळ,
टपटप करून काढतो कळ..."

इथवर सगळं जागच्या जागी होतं. गुंडीने एकदा वर पाहून खात्री करून घेतली.

"त्याच्या मात्रा कुणी मोजत नाही, म्हणून त्याच्यात एवढं बळ."

ओळ भलतीच लांब होती. बाईंनी घडी न सोडता, मानेनेच रिकाम्या चिमट्याकडे खूण केली.