आत्याचं वाक्य

टिटवी हे नाव तिला आत्यानंच ठेवलं होतं. लहानपणी जरा कुठं खुट्ट झालं की ही ओरडून सगळी वस्ती जागी करायची. पुढं ती शिकली, शहरात आली, चित्रपटांचं संकलन करू लागली; स्वभाव मात्र तोच राहिला. दारावरची बेल वाजली तरी ती दचके.

त्यात आता हा माहितीपट आला, तोही तिच्याच लोकांवरचा. डोंगरावरच्या आदिवासींनी खाणीसाठी होणारी जंगलतोड कशी अडवली, त्याची ती हकिगत होती. दिग्दर्शक वस्तीत राहून सगळं चित्रण करून आला होता. माणूस भला, पण वस्तीची बोली त्याला जेमतेम पाणी मागण्यापुरती यायची. म्हणून पडद्याखालची भाषांतरं लिहायचं काम टिटवीकडं होतं.

आणि तिथंच घोडं अडलं. एका दृश्यात आत्या उंबऱ्यावर बसून सरळ कॅमेऱ्यात बघत म्हणत होती, "रस्त्यात ओंडके मी टाकायला लावले. आम्ही बायकांनीच टाकले. पुरुष तेव्हा बाजाराला गेले होते."

ओंडके टाकले त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांना अडखळून खाणीचा ट्रक उलटला. चालकाचा पाय मोडला. पोलीस आले आणि वस्तीतल्या तीन पुरुषांना घेऊन गेले. त्यात आत्याचा दीर होता. अजून कुणाला जामीन नव्हता.

हे वाक्य पडद्यावर गेलं की आत्या आत गेलीच, हे टिटवीला दिसत होतं. दृश्य कापावं, तर दिग्दर्शकाचा त्यावर सगळा जीव. शेवटी एका दुपारी, खोलीत कुणी नसताना, तिनं त्याखाली लिहिलं, 'रस्त्यात ओंडके पडले होते. आम्ही बायका तिथं होतो.' बोली कळणारं शहरात दुसरं होतं कोण?

पण दिग्दर्शकानं वस्तीला शब्द दिला होता, की आधी तुम्हाला दाखवीन, मगच लोकांना. त्याप्रमाणं आत्या संकलनाच्या खोलीत येऊन बसली. त्या तिघांचा खटला लढवणाऱ्या वकीलबाईही आल्या.

"अगंबाई! मी एवढी सुटलेय?" स्वतःला पडद्यावर बघून आत्या म्हणाली आणि सगळे हसले. टिटवीला काही हसू फुटेना.

ते दृश्य आलं. वकीलबाईंनी चष्मा सावरून खालची अक्षरं मोठ्यानं वाचली. "ओंडके पडले होते... हं. यात काही धोका नाही."

आत्याला अक्षर येत नव्हतं, पण बाजारात वावरून शहरी भाषा कळत होती, थोडी बोलताही यायची. ती गर्रकन वळली. "पडले होते कोण म्हणालं?"

"तुम्हीच, आत्याबाई," दिग्दर्शक म्हणाला. "खाली लिहिलंय ना."

"मी टाकले म्हणाले. आपोआप पडायला ती काय पिकली पानं होती?"

दिग्दर्शकानं चित्र थांबवलं आणि टिटवीकडं पाहिलं. आत्यानं तिचं मनगट धरलं आणि तिला बाहेर जिन्यात नेलं.

"तुला धरतील गं, आत्या!" टिटवी रडायलाच लागली. "तुझा दमा, तुझं वय..."

"धरू देत. माझी जाऊ रोज पाण्यावर भेटते. बोलत काही नाही, नुसती बघते. ते बघणं मला झेपत नाही, टिटवे. आणि त्या ट्रकवाल्याचा पाय मोडला. कुणामुळं ते त्यालाही कळू दे." मग तिचा आवाज खाली आला. "आमच्या तोंडी स्वतःचे शब्द घालायचं काम आजवर परक्यांनी केलं. तू तर घरची."

टिटवीनं डोळे पुसले आणि खोलीचं दार उघडलं.

आत गेल्यावर वकीलबाई गंभीरपणे म्हणाल्या, "आत्याबाई, आता ऐकलेलं मी विसरू शकत नाही. पण हे पडद्यावर जायच्या आधी तुम्ही स्वतःहून ठाण्यात जाऊन सांगा. त्या तिघांची मी वकील, म्हणून तुमच्यासाठी वेगळा वकील बघून देते."

माहितीपटाच्या पहिल्या खेळाच्या दिवशी सकाळीच आत्या आणि वस्तीतल्या बायका ठाण्यात गेल्या. 'तू तुझं काम कर' म्हणून टिटवीला तिनं सभागृहात धाडलं. खरं वाक्य टिटवीनं आदल्या दिवशीच परत लिहिलं होतं. ते चार वेळा चुकलं. सभागृह भरलं, दिवे मालवले. तिनं सबंध खेळात पडद्याकडं एकदाही पाहिलं नाही. मुठीत फोन, डोळे दाराकडं. कुणी उशिरा आलं आणि उजेडाची फट पडली की तिला खाकी कपडेच दिसत.

टाळ्या चालू असताना फोन थरथरला. "जबाब घेतला," पलीकडून आत्या म्हणाली. "आज घरी सोडलंय. पुन्हा बोलावणार आहेत. जेवलीस का तू?"

पुढं दीर आणि बरोबरचे दोघे सुटले. आत्यावर आणि बायकांवर मात्र खटला उभा राहिला, तो अजून चालू आहे. तारखेला टिटवी आत्याबरोबर जाते. आत्या कोर्टात आपल्या बोलीतच बोलते आणि न्यायाधीशांना ती कळत नाही, म्हणून आत्याचं बोलणं तीच उलगडून सांगते. आत्या शेजारी उभी राहून शब्द न् शब्द ऐकते आणि टिटवी अडली की तिला कोपरानं हळूच ढोसते.