पॅडची पूजा

रविवारी सकाळी चांदणीने घोडबंदरच्या घरासमोर शाळेची व्हॅन जॅकवर चढवली. उद्या पोरांना न्यायचं होतं आणि पुढच्या ब्रेकचे पॅड पार झिजले होते. गॅरेजवाल्याकडे बघून बघून ती हे काम शिकली होती. चाकं काढली, जुने पॅड उपसले, त्यांना धरून ठेवणाऱ्या गंजक्या क्लिपाही फेकल्या. नवे पॅड ओट्यावर मांडून ती तारेचा ब्रश आणायला आत गेली.

बाहेर आली तर सासूबाई, पार्वती, ओट्यापाशी उकिडव्या बसलेल्या. प्रत्येक पॅडच्या काळ्या बाजूवर कुंकवाचा ठसठशीत टिळा. गळून पडू नये म्हणून कुंकू खोबरेल तेलात कालवलेलं.

"नवी वस्तू पूजल्याबिगर लावाची न्हाय," पार्वती म्हणाली. "तुला काय आठवण ऱ्हाते गो!"

चांदणीने एक पॅड उचलून पाहिला. हीच बाजू डिस्कला चिकटून गाडी थांबवते. तिच्यात तेल मुरलं की पुसूनही उपयोग नाही. पण सुनेने व्हॅन चालवणं न रुचलेल्या या बाईने आज पहिल्यांदा गाडीच्या कामाला हात लावला होता.

"आई, रागवायचं नाही हं. तेल लागलं की ब्रेक धरत नाही. हे पॅड आता चालायचे नाहीत."

पार्वतीचा चेहरा उतरला. "म्हंजे पोरांची गारी थांबली नसती?"

"लावले कुठे अजून? दुसरे आणते."

"थांब. मी पन येतंय."

दोघी रिक्षाने सिल्व्हर पार्कजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेल्या. दुकानदाराला नवल वाटलं. "सुबह ही तो ले गई थी, भाभी?"

चांदणीने तोंड उघडण्याआधीच पार्वती पुढे झाली. "वो मैंने बिघाडा. इसका कुछ चूक न्हाय. दुसरा दो, अच्छावाला."

घरी आल्यावर चांदणीने नव्या क्लिपा बसवल्या, पिनांना ग्रीस लावलं, पॅड सरकवले. पार्वती पदराने हात बांधल्यासारखी लांब बसून होती. चाकं चढल्यावर चांदणीने पेडल कडक होईपर्यंत दाबलं, गल्लीत हळू एक फेरी मारली. व्हॅन सरळ थांबली.

"आई, टिळा राहिलाय. चाकाला लावा, तिथे चालतो."

पार्वतीने दोन्ही चाकांना टिळा लावला आणि न विचारता पुढच्या सीटवर चढून बसली. "आता चालव. दाब!"

चांदणीने गाडी थोडी पुढे नेऊन ब्रेक दाबला. पार्वती पुढे झुकली, डॅशबोर्ड धरून हसली. मग एकदम गंभीर झाली.

"मी एकली म्हातारी, माझा वजन तो काय? उद्या गारी भरलेली असंल."

तिने खिडकीतून डोकं बाहेर काढून शेजारच्या दुर्गाला हाक मारली. "ए दुर्गे, तुझ्या जावांना घेऊन ये! पटकन बसा आत. माझ्या सुनेचा ब्रेक बघाचा हाय!"