दोरीच्या मापाचा चष्मा

बसा पाव्हणं, त्या टायरावर बसा. लुनाच्या ट्यूबला दोन जागी काटा घुसलाय, येड्या बाभळीचा. सोल्युशन वाळंस्तवर तुमाला कुठं जाता येत न्हाई आन् मला गप बसता येत न्हाई. तवा एक गोष्ट सांगतो. डोळ्यांची हाय. माझ्याच घरातली हाय, म्हंजी थापा मारायला जागा न्हाई. सुरवातीला हसू येईल, आलं तर हसा. मीबी हसलोच हुतो.

मागं ती पत्र्याची खोली दिसती न्हवं? तितं आमची मंडळी बसलीय, बायडाबाई. वाकळा शिवती. आता हातात हाय ती कशी शिवती ते नंतर सांगतो, पन पाच वर्सामागं ती शिवायची ना, टाका असा की मुंगी वरनं गेली तर तिला समजू नये. पार कर्जतपसून बाया जुनी लुगडी घिऊन यायच्या. लेकीच्या बाळंतपनाला वाकळ बायडाबाईचीच पायजे. मी पंक्चर काढनारा मानूस, माझ्या नावानं कोन वळखत न्हाई. "सूर्यभान म्हंजी कोन? त्यो वाकळवालीचा नवरा व्हय?" असं म्हनत्यात.

तर एक दिस चुलीम्होरं भाकरी थापता थापता म्हनली, "आवं, कपाळ लई दुखतंय. आन् दिव्याभवती खळं दिसतंय."

म्हनलं, "कसलं खळं?"

"चांदाला पडतं तसं. रंगीत."

त्या साली पानी न्हवतं, हापशाला नुसती हवा यायची. मी काय बोललो असन? म्हनलं, "बरं झालं बया. खळं पडलं म्हंजी पाऊस येनार. आभाळात न्हाई तर न्हाई, तुझ्या दिव्याला तरी पडलं."

ती हसली, मीबी हसलो. भाकरी मातुर तव्याच्या भाईर पडली तिची. तेबी मी बघितलं, आन् त्यालाबी हसलो.

म्होरं टाकं वाकडं व्हायला लागलं. दाराची चौकट खांद्याला लागायची. रतनबाई म्हनून शेजारीन हाय आमची, तोंडाची फाटकी पन मनाची सोनं. ती मला म्हनली, "सूर्यभान दादा, येत्या रविवारी कर्जतच्या शाळंत डोळ्याचं शिबिर हाय. फुकाट तपासत्यात. आमचा टेम्पो चाललाय, हिला पाठवा."

"आन् चष्मा?"

"नंबर लिहून देत्यात. चष्मा आपला आपन घ्यायचा."

हितंच माझ्या टकुऱ्यात किडा शिरला. म्हनलं तपासनी फुकाट आन् चष्मा इकत, मंग आधी चष्म्याचंच बघावं. तुमी वहाना शिवायला टाकता तवा काय करता? घरच्या मानसाच्या पायाचं दोरीनं माप नेता का न्हाई? म्या बी तेच केलं. तिला उंबऱ्यावर बसवली, सुतळीचं एक टोक ह्या कानाला, दुसरं त्या कानाला. नाकाशी गाठ मारली. ती लाजून लाजून अर्धी झाली. "आवं, कुनी बघितलं तर?" म्हनायली. लग्नाला सव्वीस वर्सं झाल्ती आमच्या, आन् तिच्या कानाला म्या पयल्यांदा हात लावला असन दिवसाउजेडी.

ती दोरी खिशात घालून नगरला गेल्तो. मोठं दुकान, काचंची कपाटं, पंखा. बायडाच्या नशिबाला ह्यातला एक असू दे म्हनलं. दुकानदार म्हनला, "नंबरचा कागद?" म्या खिशातनं दोरी काढली. पाव्हणं, तो मानूस हसला, त्याच्या मागचा हसला, गिऱ्हाईक म्हनून आल्याली बाई पदर लावून हसली. म्या तरीबी इचारलं, केवढ्याला? साडेतीनशेच्या खाली न्हाई म्हनला. त्या पैशाचं काय न्हाई, इकलं असतं काहीतरी. पन त्या हसन्यानं मी आतनं पार जळालो. शिबिरातबी असंच हसतील, तिला हसतील, असं डोक्यात बसलं.

बाजारच्या दिवशी त्यो चष्मेवाला बसतो बघा, जमिनीवर प्लास्टिक हातरून. त्याला दोरी दाखवली. त्यो न्हाई हसला. म्हनला, "वय काय मालकिनीचं?"

"असंल पंचेचाळीस."

"मंग ह्यो घ्या. वयावर नंबर असतो." त्याच्याजवळ सुई-दोरा ठिवल्याला असतो. म्हनला, "घाला आन् सुई ववून बघा." म्या घातला, ववली. एका झटक्यात दोरा पार! खुळ्यावानी खूश झालो. दोरी धरून दांड्या मापल्या, बरुबर बसल्या. तीस रुपयात काम झालं म्हनून वाटंत भेळबी खाल्ली.

माझं चुकलं कुठं, आलं का ध्यानात? सुई ववली ती माझ्या डोळ्यानं. डोळं तिचं हुतं.

आयतवारी सकाळी रतनबाईचा टेम्पो दारात. बायडा नवं लुगडं नेसून, हातात पिसवी घिऊन तयार. रतनबाई टेम्पोतनं वरडतीय, "चल की गं, का हळद लावायचीय अजून?"

म्या चष्मा काढला, तिच्या डोळ्याला लावला. म्हनलं, "आता कशाला जातीस? आनलाय की. दिसतंय का?"

तिनं माझ्याकडं बघितलं. लई येळ बघितलं. मंग म्हनली, "दिसतंय की."

"चांगलं दिसतंय?"

"व्हय. लई चांगलं दिसतंय."

टेम्पो गेला. ती पिसवी खुंटीला लावून चुलीपशी बसली, नव्या लुगड्यातच.

दोन वर्सं गेली. मी सांजच्याला सायकलवरनं घरी जायचो, तवा ऱ्हायला गावात हुतो. घरी गेलो की ही चष्मा लावून वाकळंवर बसल्याली. मी आपला गावभर सांगायचो, तीस रुपयात बायकूला डोळं आनलं म्हनून.

एक दिस सायकल एका मास्तराला दिली आन् चालत घरी गेलो. घंटीचा आवाज न्हाई, साखळीची खडखड न्हाई. दारातनं बघतोय तर चष्मा फळीवर, त्याच्यावर ह्यो एवढा पिठाचा थर. आन् बायडा डोळं मिटून शिवतीय. अंगठ्याचं नख कापडावर सरकवायचं, नखापशी सुई घालायची, परत नख सरकवायचं. शेजारी फडक्यात धा-बारा सुया, ववलेल्या.

"बायडे," म्हनलं.

ती दचकली. आधी हात कुठं गेला सांगू? फळीकडं. चष्म्याकडं. चाचपडत चाचपडत घातला आन् माझ्याकडं तोंड केलं. माझ्याकडं म्हंजी, खांबाकडं.

"सुया कोन ववून देतं?"

"रतनबाई. दुपारच्याला."

"कवापसून दिसत न्हाई?"

"ह्यातनं तर कधीच दिसलं न्हाई. बिनचष्म्याचं जरा दिसायचं, आता तेबी गेलं."

मी वरडलो तिच्यावर. घर डोक्यावर घेतलं. "तोंड शिवलं हुतं का तुझं? बोलली का न्हाईस?"

ती खाली मान घालून म्हनली, "तुमी दोरीनं माप घिऊन आनलाता. रतनबाईच्या दादल्यानं कधी तिच्या कानाला हात लावून माप न्हेलं का? मला लई बरं वाटलं हुतं. मंग न्हाई दिसत असं कोनत्या तोंडानं सांगू?"

दुसऱ्या दिशी नगर गाठलं. डाक्टरीन हुती, पोरसवदा, गोड बोलनारी. तिनं बॅटरी मारली, डोळ्यावर कायतरी टेकवलं, आन् मला इचारलं, "बाबा, ह्यांना दिव्याभोवती रंगीत गोल दिसायचे का हो? कपाळ दुखायचं?"

म्या नुसती मान हालवली.

काचबिंदू म्हनली. चष्म्याचा आजारच न्हवता तो. आतली शीर सुकती, गेल्याली नजर परत येत न्हाई. "दोन वर्षं आधी आणलं असतं तर उरलेली नजर राखता आली असती," म्हनली. ती काय रागानं म्हनली न्हाई बिचारी. बायडा बाकड्यावर बसली हुती. मला म्हनती कशी, "चला, एस्टी चुकंल."

पाऊस येनार म्हनलो हुतो मी. त्या खळ्याला.

घर इकून मंग हितं दुकानामागं ऱ्हायला आलो, म्हंजी हाक मारली की ऐकू जावं. आतून पत्र्यावर ठोकळा वाजला का आत्ता? ती इचारतीय, कोन आलंय म्हनून. "पाव्हणं हायती गं! पंक्चर हाय!"

आन् माझ्या नाकावर ह्यो चष्मा बघताय ना? त्योच ह्यो. माझ्या डोळ्याला पयल्या दिसापसून बरुबर बसतो. ट्यूबचं बारीक भोक दिसतं, सुईचं भोक तर नगाऱ्यायेवढं दिसतं. पन ह्यो घालून तिच्यासाठी सुई ववायला बसलो की तिचं "दिसतंय की" आठवतं. दोरा जातच न्हाई. ह्या तीन वर्सात एक सुई ववून झाली न्हाई माझ्यानं. रतनबाईला आता ह्या फाट्यापातुर चालवत न्हाई. मंग जे कोन पंक्चरला थांबतं, त्याच्या म्होरं मी हे फडकं ठिवतो.

ट्यूब वाळली तुमची, हवा मारतो. तवर हे धरा. बारा सुया हायत, रीळ हितं हाय, दोरा हातभर लांब ठिवा. तुमची नजर चांगली दिसती. तेवढ्या सुया ववून द्या पाव्हणं. आन् टोकाला गाठ मारू नका, गाठ तिची तिला मारू द्या.